साखळी ताणते तेव्हा

प्रस्तावना

‘टोचन’ हा आपल्याकडे जरा ओशाळवाणा शब्द. गाडी बंद पडली, चिखलात रुतली, की तो तोंडावर येतो. ‘टोचन करून आणली’ हे सांगताना चांगल्या चांगल्या ड्रायव्हरचा आवाज खाली जातो. पंजाबात हाच शब्द मेळ्यातल्या भोंग्यावरून गाजतो. तिथं टोचन म्हणजे झुंज. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे करायचे, मध्ये साखळी घालायची आणि कोण कुणाला फरफटत नेतो ते बघायचं. शब्द तोच, साखळीही तीच, फक्त दुसऱ्या टोकाला मेलेली गाडी नसून जिवंत ट्रॅक्टर असतो.

मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो. ट्रॅक्टरच्या ओढीवरचं पुस्तक मनवेलपाड्यातून निघतंय म्हटल्यावर मित्रांनी विचारलंच, ‘अरे, तिथं शेत कुठं राहिलंय?’ खरं आहे. तलावाच्या भोवती इमारती झाल्या आणि नावातला ‘पाडा’ सोडला तर पाड्याचं फारसं काही उरलं नाही. पण ट्रॅक्टर उरला. वीटभट्टीची माती, पाण्याचे टँकर, खडी, भाताचा पेंढा, अशी वाट्टेल ती ओझी ओढत तो या भागात राबत होता आणि बिघडला की माझ्यासारख्याच्या गॅरेजात येत होता. जुलै २०१८च्या पुरात रस्त्यावरून रिक्षा आणि बस नाहीशा झाल्या, तेव्हा ट्रॉलीत माणसं उभी करून पाणी कापत जाणारा ट्रॅक्टर इथल्या पोरांनी पहिल्यांदा नीट पाहिला असेल. शिवाय आमच्याच लोकलच्या लाइनीवर कांदिवली आहे. १९६३ साली महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली. पुढं कांदिवलीतून बाहेर पडलेला पस्तीसेक अश्वशक्तीचा बी-२७५ देशभरच्या बांधांवर गेला. म्हणजे ट्रॅक्टर हा आम्हाला परका नाही, फक्त आमच्याकडे त्याला कुणी जत्रेत उतरवलं नाही.

ओढण्याची स्पर्धा ही कल्पना आपल्याला नवी नाहीच. विदर्भातला शंकरपट, पुणे जिल्ह्यातला बैलगाडा, कोकणातली चिखलातली नांगरणी स्पर्धा, या सगळ्यांत जनावर, माणूस आणि जमीन या तिघांची परीक्षा असते. आंध्रात ओंगोल बैलांच्या जोड्या मोठमोठे दगड ओढतात. अमेरिकेत घोडे होते. धान्यकोठाराचं दार काढून जमिनीवर टाकायचं, घोडे जुंपायचे आणि ओढ सुरू असताना एकेका माणसानं त्यावर चढायचं, असा तिथला जुना रिवाज सांगतात. घोड्याच्या जागी ट्रॅक्टर आला तो १९२९च्या सुमाराला. ओहायोतलं व्हॉन्सव्हिल आणि मिसुरीतलं बोलिंग ग्रीन ही दोन गावं पहिल्या स्पर्धांसाठी नोंदली गेली आहेत. सुरुवातीची कित्येक वर्षं ओढायला सरळसाधं मृत वजन असे, नाहीतर वाटेवर ठराविक अंतरानं उभी असलेली माणसं एकामागून एक घसरगाडीवर चढत. वेगात येणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या पाटावर उडी मारून चढणं हे काम किती सुखाचं असेल ते सांगायला नको.

मग १९६९ आलं. त्या वर्षी आठ राज्यांच्या लोकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना काढली, नियम एकसारखे केले. त्याच काळात वजन सरकवणारी घसरगाडी आली आणि खेळ बदलला. ही गाडी एकदा समजून घेतली की बाकी सगळं सोपं जातं. तिच्या मागच्या भागाला चाकं असतात, पुढचा भाग म्हणजे जमिनीवर टेकणारा लोखंडी तवा. वजनाची पेटी सुरुवातीला मागं, चाकांच्या वर असते, म्हणून गाडी अलगद निघते. गाडीची चाकं फिरू लागली की त्यांच्याच जोरावर साखळी पेटीला पुढं ओढते. जसजसं अंतर कापलं जाईल तसतसं वजन चाकांवरून तव्यावर येतं, तवा जमिनीत रुततो आणि ओझं वाढत जातं. ट्रॅक्टर जितका पळेल तितकं स्वतःचं मरण जवळ आणतो. मैदान ३०० फुटांचं. तेवढं पार केलं तर ‘फुल पुल’, एकापेक्षा जास्त जणांनी केलं तर पुन्हा ओढ.

अमेरिकन घराणं इथून सुसाट सुटलं. शेतातून आणलेला जवळपास तसाच ट्रॅक्टर एका वर्गात, टर्बो आणि पाण्याची फवारणी चढवलेला दुसऱ्यात, आणि ज्याला ट्रॅक्टर म्हणायचं केवळ मागची चाकं बघून, असा तिसऱ्यात. सत्तरच्या दशकात एकाला दोन, दोनाला तीन-चार अशी इंजिनं एका सांगाड्यावर बसू लागली. विमानांची जुनी बारा सिलिंडरची ॲलिसन इंजिनं आली, हेलिकॉप्टरची टर्बाइनं आली. नेदरलँड्समध्ये आणि युरोपात हा खेळ सत्तरच्या दशकाच्या शेवटी रुजला. मला या राक्षसांचं कौतुक आहे, पण ओढ नाही. त्यांनी उद्या नांगरट करायची नसते. हे मत एकांगी वाटलं तर वाटो.

पंजाबी घराणं मात्र आपल्या ओळखीच्या यंत्रांवर उभं आहे. १९५९ साली फरिदाबादला आयशरनं देशातला पहिला ट्रॅक्टर बांधला. मग चेन्नईला मॅसी फर्ग्युसन आला, पिंजोरला एचएमटीनं झेटॉरचा नकाशा घेऊन काम सुरू केलं, आणि १९७४मध्ये मोहालीतून स्वराज निघाला. त्याचं मूळ संकल्पन दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतलं, म्हणजे अस्सल देशी. या प्रत्येक यंत्राला मिस्त्री लोक माणसासारखा स्वभाव लावतात. हा दमाचा, हा तापट, याची कंबर मजबूत. एचएमटी ५९११ जडपणासाठी नावाजलेला. पिंजोरचा कारखाना बंद करायचा निर्णय २०१६मध्ये झाला, तरी जुना ५९११ टोचनवाले आजही हुडकत फिरतात.

आपलं मराठी घराणं कोणतं? पुस्तकाला हात घातला तेव्हा मला वाटलं होतं, असं काही नाहीच. चूक होती. ते जत्रेच्या मैदानात शोधत होतो, ते उसाच्या फडात होतं. १९५०मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यानंतर कोल्हापूर-सांगली-सोलापूर-नगर पट्ट्यात गळिताचा हंगाम म्हणजे ओझं ओढण्याची पाच-सहा महिन्यांची अखंड स्पर्धाच झाली. बक्षीस कसलं नाही, खेपेचा पैसा. दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस, पुढं पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, वर गाणी. हंगाम सरला की हेच ड्रायव्हर गावच्या यात्रेत ट्रॉली उलटी पळवण्याच्या शर्यतीत उतरतात. जोडलेली ट्रॉली पाठीमागं सरळ रेषेत, घड्याळ लावून, भरधाव न्यायची. ज्यानं एकदा तरी ट्रॉली रिव्हर्स घेतली आहे, त्यालाच कळेल की हे पुढं ओढण्यापेक्षा किती अवघड. स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की ट्रॉली डावीकडं जाते, आणि वेळेत सावरलं नाही तर दोघांची घडी होते. सांगली-कोल्हापुरापासून सीमेपलीकडच्या कर्नाटकापर्यंत या शर्यतींना गर्दी लोटते. ताकदीपेक्षा हाताला मान देणारी ही एकच जात मला माहीत आहे.

फडातून रस्त्यावर निघणारी ट्रॉली जवळून बघा, कारण ओढीचं सगळं शास्त्र त्या पन्नास फुटांत आहे. चार-सव्वाचार टनांच्या ट्रॉल्या आणि वीस टन ऊस असं एकूण चोवीस टन धरू. सपाट डांबरी रस्त्यावर हे ओझं पळत ठेवायला त्याच्या शेकडा दोन, म्हणजे पाचशे किलोच्या आसपास ओढ पुरते. तोच रस्ता वीस फुटांत एक फूट चढला की बाराशे किलो वर पडतात. आणि ओल्या फडात चाकं रुतली की शेकडा दहा-पंधरा सहज लागतात, म्हणजे अडीच ते साडेतीन टन. एवढी ओढ त्या ट्रॅक्टरकडं नाही. इंजिन कमी पडतं म्हणून नव्हे. हे पटत नसेल तर पुढचा हिशेब करा.

ट्रॅक्टर बावीसशे किलोचा, त्यातले आठशे पुढच्या चाकांवर, चौदाशे मागच्या. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर दोन मीटर. जमीन घट्ट मुरमाची, जिथं मागच्या चाकांवरच्या वजनाच्या पाऊणपट पकड मिळते. हूक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. ओढ बसली की पुढच्या चाकांवरचं वजन मागं सरकतं. ओढ गुणिले हुकाची उंची, भागिले चाकांतलं अंतर. या ट्रॅक्टरला ओढीच्या चौथ्या हिश्श्याएवढं वजन मागं मिळतं. गणित सोडवलं तर सुमारे १,२९० किलोवर मागची चाकं घसरू लागतात. चालत्या माणसाच्या वेगानं, सेकंदाला एक मीटर, एवढं ओढायला हुकापाशी अश्वशक्ती किती लागली? ७५ किलो सेकंदाला एक मीटर म्हणजे एक अश्वशक्ती. म्हणजे सतरा. गिअर आणि टायरमध्ये वाया जाणारी धरली तरी पन्नासचं इंजिन अर्ध्यावर आरामात बसलेलं असतं. त्याचा पंप कितीही खोला, चाकं फक्त जास्त जोरात खड्डा पाडतील.

आता तोच हूक एक मीटरवर न्या. निम्मी ओढ वजन होऊन मागं येते, पकड वाढते, ट्रॅक्टर जास्त ओढतो. १,६०० किलोला पोचलो की पुढच्या चाकांवरचे आठशेच्या आठशे किलो संपले. मागची चाकं अजून घसरलेली नाहीत, आणि पुढची हवेत. खाली हूक असताना घसरणारं चाक तुम्हाला वाचवत होतं. वर हूक नेऊन ते वाचवणं काढून घेतलं. गावाकडं म्हणतात, ‘ट्रॅक्टर उभा राहिला’. उभा राहिलेला ट्रॅक्टर मागं पडायला लागला की परतीची वेळ पाऊण सेकंद, असं सुरक्षेवर काम करणारे सांगतात. क्लच दाबायचं सुचेपर्यंत ती निघून जाते.

मी हे वहीत शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक भरलेला टेम्पो भरावात बसला होता. ड्रॉबारला साखळी लावली तर चाकं नुसती घसरत होती, म्हणून मी शहाणपणा केला आणि साखळी वर, टॉपलिंकच्या खुंटीला अडकवली. ट्रॅक्टरनं लगेच पकड घेतली. टेम्पो वीतभर हलला, लोक ओरडले आणि माझ्या डोळ्यांसमोर रस्त्याऐवजी आभाळ आलं. पाय क्लचवर होता तो नशिबानं, अकलेनं नाही. पुढचा एक्सल आपटला तो एवढ्या जोरानं, की त्याची मधली पिन तुटली. मालकाला पिनचे पैसे मी भरून दिले. टॉपलिंकच्या खुंटीला पुन्हा कधी साखळी लावली नाही, आणि गॅरेजातल्या पोरांना हुकाची उंची टेपनं मोजायला लावायची खोड तेव्हापासून लागली.

ओढीचे ट्रॅक्टर बांधणाऱ्यांत दोन पंथ आहेत, ते या हिशेबातूनच निघतात. एक पंपवाले. त्यांचा देव म्हणजे फ्युएल पंप. सील तोडायचं, डिझेल वाढवायचं, गव्हर्नरचा स्प्रिंग बदलून फेरे चढवायचे, नाशिकला बॉशच्या कारखान्यात बनणाऱ्या नोझलांच्या जागी मोठ्या भोकाचे बसवायचे. नळकांड्यातून काळा लोट निघाला की प्रेक्षक शिट्ट्या मारतात. तो काळा लोट म्हणजे न जळलेलं डिझेल, पैसे हवेत उडालेले. डिझेल वाढवलं तर हवाही वाढवावी लागते, म्हणून टर्बो. टर्बो बसवला की हवा तापते, म्हणून इंटरकूलर. तेवढं झालं की पिस्टनचं डोकं वितळतं, हेड गॅस्केट जातं, क्लच प्लेट जळते, आणि सगळं टिकलंच तर मागचा शाफ्ट पिळून तुटतो. फेरे दीडपट केले तर कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवरचा ताण सव्वादोनपट होतो, हे पंपवाल्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. ज्यांना माहीत असतं ते बोल्ट आधी बदलतात.

दुसरे वजनवाले. टायरात व्हॉल्वच्या उंचीपर्यंत पाणी भरायचं. टायरच्या मापाप्रमाणे एकेका मागच्या टायरात दीडशे ते अडीचशे लिटर जातं. चाकांना बिडाच्या चकत्या लावायच्या, नाकावर बंपरला वजनं टांगायची म्हणजे पुढचं लवकर उचलत नाही, टायरमधली हवा कमी करून जमिनीला लागणारा पट्टा लांबवायचा, गोटा झालेले टायर फेकून द्यायचे. यात आवाज नाही, धूर नाही, व्हिडिओला दाखवण्यासारखं काही नाही. म्हणून या पंथाला वाली कमी. पण संथ टोचनात जिंकतो तो बहुतेक वेळा हाच. अमेरिकन मैदानावर वेगानं पळत ओढायचं असतं, तिथं सेकंदाला एक मीटरचे सात-आठ होतात, अश्वशक्ती त्याच पटीत लागते आणि पंपवाल्याचे दिवस येतात. दोघांचं भांडण खरं तर वेगाचं आहे, पण गॅरेजात चहा पिताना ते निष्ठेचं होऊन बसतं.

हे सगळं आत्ताच लिहून काढावंसं का वाटलं? एक कारण अगदी कोरडं आहे. १ जानेवारी २०२३पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम-चार नियम लागू झाले. ते नियम पाळायचे तर पंपाच्या स्क्रूची जागा कॉमन रेल आणि कॉम्प्युटरनं घेतली. स्क्रू फिरवून, कान लावून, धुराचा रंग बघून इंजिन लावणाऱ्या मिस्त्र्यांची ही शेवटची पिढी आहे. त्यांच्याजवळचं ज्ञान कुठल्याही मॅन्युअलात नाही, आणि त्यातलं काही चुकीचंही आहे. दोन्ही नोंदवून ठेवायला हवं.

दुसरं कारण रक्ताचं. ऑक्टोबर २०२३मध्ये पंजाबातल्या गुरुदासपूर जिल्ह्यात एका ग्रामीण क्रीडामेळ्यात ट्रॅक्टरवरची कसरत करताना तरुण दगावला आणि सरकारनं ट्रॅक्टरच्या अशा धोकादायक करामतींवर बंदी घातली. बंदीनं मैदान बंद होतं, व्हिडिओ बंद होत नाहीत. आमच्या गॅरेजातल्या पोरांच्या फोनवर अजून तेच चालू असतं. बैलगाडीच्या शर्यतींचं आपण पाहिलं. बंदी, चोरून शर्यती, कोर्ट, आणि शेवटी १८ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा कायदा मान्य केला, तो अटी आणि नियमांसकट. ट्रॅक्टरच्या ओढीला तसे नियम मराठीत कुणी लिहिलेले मला मिळाले नाहीत. अमेरिकन मैदानावर प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं एक दोरी घसरगाडीला बांधलेली असते. जोड तुटली की दोरी ताणली जाऊन इंजिनाची हवा बंद होते. पाठीमागं उलटू नये म्हणून टेकू देणाऱ्या दांड्या असतात, क्लच फुटला तर तुकडे अडवायला आवरण असतं. महाग काही नाही, एखादा लोहार दोन दिवसांत बनवील. स्वीडननं १९५९मध्येच नव्या ट्रॅक्टरला उलटल्यावर ड्रायव्हरला वाचवणारा सांगाडा सक्तीचा केला. आपल्याकडं तो असलेला काढून ठेवतात, झाडाच्या फांदीला अडतो म्हणून.

कायद्याचंही सांगून टाकतो, म्हणजे कुणी पुस्तक घेऊन आरटीओत जाऊन माझं नाव सांगायला नको. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. या पुस्तकातलं बांधकाम मैदानात ट्रकवर चढवून न्यायच्या यंत्राचं आहे. तोच ट्रॅक्टर सोमवारी उसाच्या ट्रॉलीला लावून हायवेवर आणायचा असेल, तर पंपाची पानं वगळून वाचावीत.

पुस्तकाचा पसारा मी मुद्दाम आटोपता ठेवला आहे. चार इंजिनांचे राक्षस यात नाहीत, विमानाची इंजिनं नाहीत. पस्तीस ते साठ अश्वशक्तीचा, दोन चाकांनी ओढणारा, आपल्या बांधावर मिळणारा ट्रॅक्टर एवढाच विषय. सुरुवात हुकापासून केली आहे आणि इंजिन सर्वांत शेवटी येतं, कारण माझ्या गॅरेजात उलट क्रमानं आलेल्या बहुतेकांनी आधी पैसा घालवला आणि मग हूक मोजला. वजन सरकवणारी छोटी घसरगाडी गावातल्या वेल्डरकडून कशी बनवून घ्यावी याची मापं दिली आहेत. ट्रॅक्टर विरुद्ध ट्रॅक्टरपेक्षा ट्रॅक्टर विरुद्ध घसरगाडी हा प्रकार आपल्या जत्रांना जास्त मानवेल असं मला वाटतं. त्यात हरणारा मागं फरफटला जात नाही, नुसता थांबतो. उलट्या ट्रॉलीच्या शर्यतीला स्वतंत्र जागा आहे, आणि ते लिहिताना मी शिकवण्यापेक्षा शिकतच होतो. शब्द मिस्त्र्यांचेच ठेवले आहेत. ‘कर्षण’ हा शब्द तुम्हाला यात एकदाही सापडणार नाही.

सगळी मापं सेंटिमीटर आणि किलोत आहेत, मैदान तेवढं फुटांत. हुकाची उंची मोजताना ट्रॅक्टर सपाट फरशीवर घ्यावा आणि त्याआधी मागच्या टायरची हवा तपासावी. हवा कमी असेल तर दोन बोटांचा फरक तिथंच पडतो.

मनवेलपाडा, विरार (पूर्व)